पाहून शिकायचे, पण पाहायचे कुठे?

गेल्या हिवाळ्यात मुलांचे कामठीचे मामू गोंदियाला आले, तेव्हा मिठाईच्या डब्यासोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब वस्तू घेऊन आले. मामूंचा भंगाराचा धंदा. ढिगातून कधी पितळेचा तांब्या, कधी जुना ट्रान्झिस्टर असे काही बरे हाती लागले की ते बहिणीच्या घरी पोचते. या वेळी कागदातून निघाली एक काठी. दांड्यावर गंज, मुठीचे रबर फाटलेले, खालच्या टोकाला तिरपे लोखंडी पाते आणि पात्याच्या तळाशी कोरलेला ७ हा आकडा.

"बागेत गवत मारायची काही चीज असेल," मामू म्हणाले.

आमचे धाकटे चिरंजीव अकरावीत आहेत. एरवी पाहुणे आले की सलाम करून आतल्या खोलीत गडप होणारा हा मुलगा उठून पुढे आला. काठी हातात घेऊन म्हणाला, "मामू, ही गोल्फची सेव्हन आयर्न आहे."

आम्ही म्हटले, "बेटा, आपल्या सात पिढ्यांनी गोल्फ पाहिला नाही."

"मी पाहिलाय ना, अब्बा. तुम्हीसुद्धा पाहिलाय."

खरेच होते. शनिवार, ७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ पोचली होती. खेळ काय आहे हे न कळताही आमचे अख्खे घर सकाळी टीव्हीसमोर बसले होते. तिची काठ्यांची पिशवी उचलून सोबत चालणारी बाई तिची आई आहे हे कळल्यावर मुलांची अम्मी चुलीवरचा चहा विसरली होती. अदितीचे पदक एका फटक्याने हुकले, ती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्यात सोने जिंकले आणि सकाळचा गोल्फ सगळे विसरले. आमचा धाकटा मात्र विसरला नव्हता. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत पुण्याचा उदयन माने खेळला होता, हेही त्याला पाठ होते. चार वर्षे त्याने हे मनात ठेवले आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

मग शिकवणी सुरू झाली. गुरू म्हणजे मोबाईल. एका व्यावसायिक खेळाडूच्या आयर्न फटक्याची, संथ गतीची वीस सेकंदांची चित्रफीत. ती दिवसातून किती वेळा पाहिली जात होती याचा हिशेब नाही. पाहायची, मागच्या आवारात जायचे, प्लास्टिकचा चेंडू ठेवायचा आणि काठी फिरवायची. आठवडाभरात निकाल असा : पाते कधी चेंडूच्या अलीकडेच जमिनीवर आपटायचे, कधी चेंडूच्या डोक्यावरून निसटायचे. चेंडू वर जायचा नाही, सरपटत जाऊन कोंबड्यांच्या खुराड्याला लागायचा. एके दिवशी मनगट सुजले.

"मी अगदी त्याच्यासारखंच करतोय," तो म्हणाला.

"त्याचा चेंडू आभाळात जातो, तुझा खुराड्यात," आम्ही म्हणालो आणि हसलो. शेजारी बसलेले त्याचे चाचाही हसले. "अरे, हा नवाबांचा शौक. आपल्याकडे धान पिकतो, गोल्फ नाही." मुलगा काही बोलला नाही. दोन दिवस खाली मान घालून जेवला आणि उठून गेला.

तिसऱ्या दिवशी त्याची अम्मी म्हणाली, "हसायचं ते हसून झालं ना? आता एकदा त्याच्या शेजारी बसा. तो काय पाहतोय ते तरी बघा."

आम्ही बसलो. चित्रफीत संपल्यावर विचारले, "तू यात काय पाहतोस?"

"चेंडू."

या एका शब्दात त्याची सगळी अडचण होती. त्याच्या एकट्याची नव्हे, पाहून शिकणाऱ्या प्रत्येकाची. पुढचे तीन महिने आम्हीही त्याच्यासोबत हा खेळ समजून घेतला. जे उमगले ते आज वाचकांपुढे ठेवतो. गोल्फ खेळणारे वाचक थोडे असतील, पण मुलाला काही शिकताना पाहणारे तर सगळेच आहेत.

आधी काठीविषयी. गोल्फपटूच्या पिशवीत नियमाने जास्तीत जास्त १४ काठ्या असतात. त्यातल्या पातळ लोखंडी पात्याच्या काठ्यांना आयर्न म्हणतात आणि त्यांना आकडे असतात. आकडा जसा वाढतो तसा दांडा आखूड होतो आणि पाते अधिक मागे झुकलेले असते. म्हणून तीन नंबरचा चेंडू खालून लांब जातो आणि नऊ नंबरचा उंच जाऊन जवळ पडतो. सात नंबर मधला. हल्लीच्या सात नंबरच्या पात्याचा कल साधारण ३० ते ३४ अंश असतो. व्यावसायिक पुरुष खेळाडू याच काठीने चेंडू सुमारे १५५ मीटर हवेतून पोचवतो.

आता गंमत इथे आहे. चेंडू जमिनीवर पडलेला असतो आणि फटक्यानंतर आभाळात जातो. पाहणाऱ्याला वाटते, खेळाडूने तो खालून उचलला. आमच्या धाकट्यालाही तेच वाटले. म्हणून तो मनगटे वळवून, उलथन्याने पोळी उलटावी तसा चेंडू उचलू पाहत होता. असे केले की शरीराचा भार मागच्या पायावर राहतो, पाते चेंडूपर्यंत पोचण्याआधीच जमिनीला लागते किंवा वर येऊ लागलेले पाते चेंडूच्या माथ्याला घासून जाते. त्याचे दोन्ही आजार एकाच कारणाचे होते.

प्रत्यक्षात चांगला आयर्नचा फटका वरून खाली येतो. सात नंबरच्या काठीने व्यावसायिक खेळाडूचे पाते चेंडूला भिडते तेव्हा ते सुमारे ४ अंशांनी खालच्या दिशेने निघालेले असते. आधी चेंडू, मग जमीन. टीव्हीवर गवताचा तुकडा उडताना दिसतो, तो चेंडू जिथे होता त्याच्या पुढचा असतो, अलीकडचा नव्हे. चेंडूला वर नेण्याचे काम माणूस करत नाही, पात्याचा कल करतो. त्याच कलामुळे चेंडूला उलटी फिरकी मिळते, मिनिटाला साधारण ७००० फेऱ्यांच्या वेगाची. ती त्याला हवेत तोलून धरते आणि खाली पडल्यावर लवकर थांबवते. म्हणजे वर न्यायचे असेल तर खाली मारायचे. डोळ्यांना जे दिसते त्याच्या अगदी उलट.

आणि हे सगळे घडते किती वेळात? पाते आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतके. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्या क्षणी काही दुरुस्त करायला माणसाला वावच नाही. जे करायचे ते आधी झालेले असते. चेंडू केवळ निकाल सांगतो. निकालाकडे टक लावून पाहणाऱ्याला अभ्यास कसा केला ते दिसत नाही.

मग आम्ही एक साधी युक्ती केली. लग्नाची एक जुनी पत्रिका घेतली आणि मोबाईलच्या पडद्यावर अशी धरली की चेंडू झाकला जावा. आता पाहा म्हटले. पहिल्यांदा तो वैतागला. चेंडूच नाही तर पाहायचे काय? पण पाच-सहा वेळा पाहिल्यावर म्हणाला, "अब्बा, याची कंबर हातांच्या आधी वळते."

हेच पाहायचे होते. काठी वर गेल्यानंतर खाली येण्याची सुरुवात हातांनी होत नाही. आधी भार पुढच्या पायावर सरकतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा पुढचा पाय म्हणजे डावा. मग कंबर वळते, मग छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी पाते. चेंडूला भिडण्याच्या वेळी शरीराचा बहुतेक भार डाव्या पायावर असतो आणि मुठी पात्याच्या थोड्या पुढे गेलेल्या असतात. फटका संपतो तेव्हा खेळाडू डाव्या पायावर तोल सांभाळून लक्ष्याकडे तोंड करून उभा असतो. मागच्या पायाचे फक्त बोट टेकलेले.

त्यानंतर आम्ही नियमच केला. एका बैठकीत एकच जागा पाहायची. आज पाय, उद्या कंबर, परवा डोके किती स्थिर राहते ते, तेरवा मुठी. सगळे एकदम पाहिले की काहीच दिसत नाही. शिवाय डाव्या-उजव्याचा घोळ असतो. खेळाडू आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर त्याचा डावा पाय पडद्यावर आपल्या उजव्या हाताला येतो. आमचा धाकटा कित्येक दिवस नकळत भार चुकीच्या पायावर टाकत होता, त्याचे एक कारण हेच निघाले. खेळाडूच्या मागून, म्हणजे चेंडू जाणार त्या दिशेने पाहणारी चित्रफीत असेल तर हा घोळ होत नाही.

संथ गतीचेही एक फसवे रूप आहे. संथ चित्रात जागा दिसतात, लय दिसत नाही. म्हणून खऱ्या वेगाने पाहणेही तितकेच जरुरीचे. कसलेल्या खेळाडूची काठी वर जायला जितका वेळ घेते त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात ती खाली येऊन चेंडूला लागते. वर जाताना पाऊण सेकंद तर खाली येताना पाव. पूर्ण खेळ एका सेकंदाचा. मुलाने हे तोंडाने मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन, ठाक." घरात सगळ्यांना ते पाठ झाले. धाकटी मुलगी कणीक मळताना तेच म्हणू लागली.

पण सर्वांत मोठा धडा पुढे होता. "मी अगदी त्याच्यासारखंच करतोय," असे तो म्हणायचा ना, त्यात तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. एके दिवशी त्याच्या बहिणीने त्याची चित्रफीत काढली. मोबाईल कंबरेच्या उंचीवर, त्या खेळाडूची काढली होती त्याच बाजूने. दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या. मुलगा गप्प झाला. त्याचा भार सगळा मागे, मुठी पात्याच्या मागे आणि शेवटी तोल जाऊन एक पाऊल मागे. जे करतोय असे वाटते आणि जे खरोखर होते, त्यात एवढे अंतर असू शकते हे त्याला त्या दिवशी दिसले. आम्हालाही.

वरच्या माळ्याच्या बांधकामासाठी आवारात रेती येऊन पडली होती. ती थोडी पसरून आम्ही सराव ठरवला. चेंडू नाही. रेतीवर काठीच्या टोकाने एक सरळ रेघ ओढायची. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असे उभे राहायचे आणि अर्धीच काठी, हलक्या हाताने फिरवायची. पाते रेतीला कुठे लागते ते पाहायचे. खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला सुरू झाली तर बरोबर. रेघेच्या अलीकडे सुरू झाली तर भार मागे राहिला. यात कुणी शिकवणारा नको, कुणी शाबासकी देणारा नको. रेती खोटे बोलत नाही. पहिल्या दिवशी २० पैकी ३ खुणा पुढे आल्या.

घरी कुणी करून पाहणार असेल तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. गोल्फचा खरा चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा, पण दगडासारखा टणक असतो. मोहल्ल्यात, अंगणात तो मुळीच वापरू नये. भोकांचा प्लास्टिकचा चेंडू किंवा मोज्यांची गुंडाळी पुरते. आणि काठी फिरवणाऱ्याच्या मागे-पुढे लहान मूल नाही याची प्रत्येक वेळी खात्री करावी. धान कापल्यावर बांधी मोकळी असते खरी, पण ती वाळलेली काळी जमीन फार कठीण. तिथे पाते आपटले तर मनगटाला झटका बसतो. रेती बरी.

चाचांचा प्रश्न मात्र राहिलाच होता. हा नवाबांचा शौक, आपल्याला काय करायचे? याचे उत्तर आम्ही शोधले तेव्हा वेगळीच हकिकत समोर आली. मैदाने साहेबांची होती हे खरे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. पण त्या मैदानांवर पिशव्या उचलणारी, चेंडू शोधून आणणारी पोरे गरिबांची होती. त्यांना कुणी शिकवले नाही. त्यांनी पाहिले. दिल्ली गोल्फ क्लबात पिशव्या उचलणारा अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. कलकत्त्याच्या त्या जुन्या क्लबात मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. ढाक्याच्या कुर्मिटोला क्लबात चेंडू गोळा करणारा सिद्दिकुर रहमान २०१३ मध्ये हीच स्पर्धा जिंकून गेला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये खेळला.

या मुलांना साहेबांपेक्षा एक गोष्ट जास्त मिळाली होती. दिवसाला शेकडो फटके जवळून पाहायला मिळत. आणि कुणाचा चेंडू कुठे गेला यापेक्षा तो तिकडे का गेला, हे ओळखणे हीच त्यांची रोजी होती.

आजच्या काळातली गोष्ट केनियाच्या ज्युलियस येगोची. त्याच्या देशात धावणारे पुष्कळ, भालाफेक शिकवणारा कुणी नाही. त्याने इंटरनेटवर मोठ्या भालाफेकपटूंच्या चित्रफिती पाहून भाला शिकला आणि २०१५ मध्ये ९२.७२ मीटर भाला फेकून जगज्जेता झाला. पण तोही मध्ये फिनलंडला जाऊन प्रशिक्षकाकडे शिकून आला होता. आपला नीरज चोप्रा लहानपणी यान झेलेझनीच्या चित्रफिती पाहायचा. पुढे २०२४ मध्ये त्याने त्याच झेलेझनीला आपला प्रशिक्षक नेमले. पाहून बरेच दूर जाता येते. पण एका टप्प्यावर आपल्याकडे पाहणारी दुसरी नजर लागते. मोबाईल उस्तादाचा फटका दाखवतो, शागीर्दाची चूक सांगत नाही.

आणखी एक गोष्ट मुलाला आम्ही मुद्दाम सांगितली. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनजवळ पापवा सेवगोलुम नावाचा भारतीय वंशाचा गोल्फपटू होऊन गेला. तोही पिशव्या उचलता उचलता स्वतःच शिकलेला. त्याची पकड उलटी होती, जो हात वर हवा तो खाली. कुठल्याही पुस्तकाने ती चुकीचीच ठरवली असती. त्या पकडीने त्याने १९५९ मध्ये डच ओपन जिंकली, नंतर आणखी दोनदा. १९६३ मध्ये आपल्याच प्रांतातली नाताल ओपन जिंकला तेव्हा वर्णभेदामुळे त्याला क्लबच्या इमारतीत जाता आले नाही. बक्षीस बाहेर, पावसात उभे राहून घ्यावे लागले. अमेरिकेचा जिम फ्युरिक घ्या. त्याची काठी वर जाऊन खाली येताना हवेत एक वळसा घेते. पाहणारे हसतात. तो २००३ ची यूएस ओपन जिंकला आणि २०१६ मध्ये एका फेरीत ५८ फटक्यांचा विक्रम केला.

उलटी पकड, वळसा घेणारी काठी, सगळ्यांच्या तऱ्हा वेगळ्या. पण पाते चेंडूला भिडते त्या क्षणी सगळे सारखे : भार पुढे, मुठी पुढे, आधी चेंडू मग जमीन. पाहणाऱ्याला आधी तऱ्हाच दिसते, कारण ती वेगळी असते. शिकायचे असते ते मात्र जे सगळ्यांत सारखे आहे ते. आमच्या धाकट्याने त्या खेळाडूसारखी टोपी सारखी करायची सवय पहिल्याच दिवशी उचलली होती. भार पुढे न्यायला त्याला दोन महिने लागले.

हे लिहिताना आमच्या दादींची आठवण येते. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या कितीतरी घरांसारखे आमचेही घर एके काळी विड्यांवर चालले. दादी मांडीवर सूप घेऊन बसायच्या, शेजारी फुफ्या. तेंदूपान भिजवून फर्म्याने कापायचे, तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. मुली दादींच्या झरझर चालणाऱ्या बोटांकडे पाहत राहायच्या. दादी म्हणायच्या, "बोटं नको पाहू, तंबाखू पाहा. ती सारखी पसरली तर विडी आपणच वळते." आमची नमाजही आम्ही पुस्तकातून नाही शिकलो. अब्बांच्या शेजारी उभे राहून शिकलो. लहानपणी त्यांचा खाकराही आम्ही तसाच काढायचो. घाई न करता टेकणे आणि घाई न करता उठणे, ते फार उशिरा जमले.

आता जे सांगायचे ते जरा अवघड आहे.

फेब्रुवारीतली गोष्ट. सलग दहा-बारा खुणा रेघेच्या अलीकडे पडल्या आणि मुलाने ती काठी रागाने जमिनीवर आपटली, मग पायाने लांब ढकलली. आम्ही खिडकीतून पाहत होतो. बाहेर जाऊन चांगले खडसावले. वस्तूवर राग काढणे कुठून शिकलास, असे विचारले. तो काहीच बोलला नाही. उत्तर त्याच्या अम्मीने दिले, तेही स्वयंपाकघरातून, आवाज न चढवता. "काल सकाळी तुमची मोटारसायकल सुरू होत नव्हती, तेव्हा तुम्ही काय केलं होतं?"

किक बसली नाही म्हणून आम्ही गाडीला लाथ मारली होती. हेल्मेट ओट्यावर फेकले होते. कुणी पाहतेय असे आम्हाला वाटलेही नव्हते.

तीन महिने आम्ही मुलाला समजावत होतो की कुठे पाहावे. तो सोळा वर्षे आमच्याकडे पाहत होता, त्याची आम्ही फिकीर केली नव्हती. आणि आमच्यातली तऱ्हा त्याने बिनचूक उचलली होती. आम्ही त्याची माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, "नाही अब्बा, काठी मीच फेकली." मग स्वतःच जाऊन ती उचलून आणली, पुसली.

आता मोटारसायकल अडली की आम्ही आधी तिच्याजवळ थोडे उभे राहतो. मग पेट्रोलची कळ पाहतो. प्रत्येक वेळी जमते असे नाही.

वरच्या माळ्याचे गिलाव्याचे काम मार्चमध्ये सुरू झाले. धाकटा सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीचाचांच्या मागे उभा राहतो. परवा जेवताना म्हणाला, "मिस्त्रीचाचा माल करणीनं फेकतात तेव्हा सगळे भिंतीकडे पाहतात. पण ते आधी डावा पाय भिंतीजवळ नेतात, मग हात जातो." आम्ही आणि त्याच्या अम्मीने एकमेकांकडे पाहिले.

त्याला गोल्फपटू व्हायचे आहे का? विचारले तर खांदे उडवतो. गोंदियात मैदान नाही, शिकवणारा नाही, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पुढे नागपूर-पुण्याला शिकायला गेला आणि तिथे कुणी शिकवणारा भेटला तर इन्शाअल्लाह पाहू, असे ठरले आहे. चाचांनी मागच्या रविवारी स्वतः काठी हातात घेऊन पाहिली. रेती उडून त्यांच्याच तोंडावर आली. तेव्हापासून नवाबांचा विषय बंद आहे.

काल अस्रनंतर आम्ही आवारात गेलो तेव्हा तो रेघेवर प्लास्टिकचा चेंडू ठेवून उभा होता. तोंडाने मोजत होता, एक, दोन, तीन. पाते चेंडूला लागले, मग रेतीला. चेंडू खुराड्यावरून, भिंतीवरून, शेजारच्या चिंचेत गेला. आम्ही "वा!" म्हणून त्याच्याकडे पाहिले. तो गुडघ्यावर बसून रेतीतली खूण बघत होता. चेंडू कुठे गेला हे त्याने आम्हालाच विचारले.